एकाच बेटावरची दोन बिऱ्हाडे

गेल्या वर्षी श्रावणाच्या आरंभी आम्ही उभयता मॉरिशस बेटावर गेलो, ते देशाटनाच्या हौसेने नव्हे. आमचा पुतण्या तेथे एका पेढीत नोकरीस आहे. त्याच्या घरी पाळणा हलला आणि सूनबाई एकटी पडली, तेव्हा तिच्या सोबतीस घरातील जाणते माणूस हवे झाले. जाणते माणूस म्हणजे आमच्या सौभाग्यवती. आम्ही त्यांच्या सामानासुमानाबरोबर गेलो इतकेच. अशा मुक्कामात पुरुषास काम थोडे आणि रिकामा वेळ फार. त्या रिकाम्या वेळात आम्ही भोवतालच्या लोकांची पाहणी केली, आणि पाहणी पुरी होण्यापूर्वीच मते बनविली. त्यांपैकी एका मताची हकीकत येथे सांगावयाची आहे.

बेट ते केवढे! उत्तर-दक्षिण चाळीस मैल, वस्ती साडेबारा लाखांची. जिकडे पाहावे तिकडे ऊस, मध्येच एखादा काळ्या पाषाणाचा सुळका, आणि उसाच्या मधोमध रचून ठेवलेले काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग. हे दगड जमिनीतून उपसले कोणी, हा प्रश्न पहिल्या दिवशी आमच्या मनात आला नाही. या बेटावर मूळचा रहिवासी असा कोणी नव्हताच. डच आले आणि गेले. १७१५ साली फ्रेंचांनी ताबा घेतला. १८१० साली इंग्रजांनी तो त्यांच्याकडून हिसकावला, परंतु फ्रेंच मळेवाल्यांच्या जमिनी, कायदे, भाषा व धर्म तसेच राहू दिले. मळे पिकविण्यासाठी माणसे गलबतांतून आणण्यात आली, ती दोन वेळा व दोन रीतींनी. आधी मादागास्कर आणि आफ्रिकेचा पूर्व किनारा येथून गुलाम. गुलामगिरी उठण्याच्या सुमारास हिंदुस्थानातून करारबंद मजूर. पहिल्यांचे वंशज ते आजचे क्रिओल. लोकसंख्येत त्यांचा हिस्सा सुमारे पाव मानतात. दुसऱ्यांचे वंशज दोन तृतीयांशांच्या आसपास. त्यांत बिहारकडील हिंदूंचा भरणा मोठा. मुसलमान, तामीळ व तेलुगू आहेत, आणि रत्नागिरीकडून गेलेले थोडे मराठीही आहेत. गंमत ही की, घरात बहुतेक सर्वांची बोली एकच, क्रिओल. फ्रेंच शब्दांचे मोडके रूप घेऊन गुलामांनी घडविलेली ही भाषा मराठी आजीच्या तोंडीही इतकी बसली आहे की, नातवाला ती त्याच भाषेत रागावते आणि आरती मात्र मराठीत म्हणते.

पुतण्याचे बिऱ्हाड क्वात्र बोर्न या गावी. घरमालक वरच्या मजल्यावर राहतात. ते मराठी वंशाचे, सेवानिवृत्त शिक्षक. प्राथमिक शाळेत तीस वर्षे त्यांनी मराठी शिकविले. त्यांची मराठी पुस्तकी, जपून वापरलेली, ठेवणीतल्या शालूसारखी घडी न मोडलेली. आम्ही त्यांस गुरुजी म्हणू लागलो. ते आम्हांस भाऊसाहेब म्हणत. पुतण्याकडे कामास येणारी बाई क्रिओल होती, पन्नाशीच्या घरातली. आधी ती एका कापडाच्या कारखान्यात शिवणयंत्रावर होती. तो कारखाना बंद पडल्यावर ती घरकामास लागली. अशा बायका तेथे पुष्कळ. १९७० साली निर्यातीच्या कारखान्यांस सरकारने सवलती दिल्या, त्यातून हजारो बायकांच्या हाती पहिल्याने स्वतःचा पगार आला. पुढे २००५ च्या सुमारास परदेशांनी कापडाच्या आयातीचे जुने वाटे मोडले आणि त्या पगारांपैकी बरेच नाहीसे झाले.

डोळ्यांस दिसे ते असे. कचेरीत जावे तर खुर्चीवर बहुधा हिंदू नावाचा मनुष्य. शाळेत, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात तेच. गावांतून हिंदूंची दुमजली पक्की घरे, अंगणात मारुतीची लाल निशाणे. गावाच्या कडेला मात्र ‘सिते’ म्हणून ओळखली जाणारी बैठ्या घरांची वसाहत. १९६० च्या भयंकर वादळानंतर निराश्रितांकरिता सरकारने अशा वसाहती बांधल्या, आणि त्यांतून राहणारे बहुतेक क्रिओल. कोळी, गवंडी, गोदीवरचे हमाल, घरकामाच्या बायका. पोर्ट लुई शहराच्या कडेची रोश ब्वा ही वस्ती आम्ही बसमधून पाहिली आणि मान दुसरीकडे वळविली. याचा अर्थ प्रत्येक हिंदू सुखवस्तू व प्रत्येक क्रिओल दरिद्री असा कोणी करू नये. मजुरी करणारे हिंदू पुष्कळ आहेत, आणि क्रिओलांतही उजळ वर्णाची, फ्रेंच बोलणारी, जुन्या काळापासून शिकलेली घराणी आहेत. परंतु एकंदर कल काय तो कोणाही नवख्यास पंधरा दिवसांत समजतो.

कारणही आम्हांस पंधरा दिवसांतच समजले! वाणी, मोटारवाला, पुतण्याचे स्नेही, ज्याला विचारावे तो एकच उत्तर देई: आपले लोक पोटाला चिमटा घेऊन शिल्लक टाकतात; त्या लोकांपाशी पैसा टिकत नाही; शनिवारी हाती आला की रविवारी नाचगाण्यात गेला. हे उत्तर आम्हांस फार आवडले. आवडण्याचे कारण पुढे येईल.

गणेशचतुर्थीला तेथे सरकारी सुटी असते. गुरुजींच्या घरी गणपती होता, वीस-पंचवीस माणसे जेवावयास होती, आणि ती क्रिओल बाई मदतीस आली होती. जेवणानंतर गुरुजींच्या चिरंजीवांशी आमचे इंग्रजीत बोलणे चालले होते. बोलण्याच्या भरात आम्ही म्हणालो, “तुमच्या पूर्वजांजवळ येताना काय होते? काही नाही. यांच्याजवळही काही नव्हते. फरक केवळ वळणाचा. यांना शिल्लक टाकण्याचे वळणच नाही.” ‘यांना’ म्हणताना आमचा हात स्वयंपाकघराच्या दिशेने गेला असावा. बाई त्याच वेळी चहाचे पेले घेऊन दारात उभी होती. तिने पेले मांडले, प्रत्येकासमोर नीट, आणि ती परत गेली. कारखान्यात वीस वर्षे काढलेल्या बाईस एवढे इंग्रजी समजते, हे आमच्या ध्यानी तिची पाठ पाहिल्यावर आले. गुरुजी काही बोलले नाहीत. ते उठून गणपतीपुढची समई सारखी करू लागले. वस्तुतः ती नीटच जळत होती.

दुसऱ्या दिवशी बाई कामास आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सूनबाईची ओढाताण होऊ लागली आणि घरात आमच्याकडे कोणी पाहीना. गुरुजी सकाळी खाली आले आणि म्हणाले, “भाऊसाहेब, मोका येथे यावयाचे का? माझा पणजा दाखवितो.”

मोका येथे महात्मा गांधी संस्थेत हिंदुस्थानातून आलेल्या मजुरांचे दप्तर जपून ठेविले आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाच्या गलबतातून छत्तीस मजूर आले, तेथपासून १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे या बेटावर उतरली. ती ज्या धक्क्यावर उतरत तो ‘आप्रवासी घाट’ आज जागतिक वारशांत गणला जातो. प्रत्येक मजुराची नोंद वहीत आहे. गुरुजींनी आपल्या पणज्याच्या नोंदीची नक्कल बरोबर आणली होती. स्वतःचे नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरील खूण, जिल्हा रत्नागिरी, आणि गावाचे नाव इंग्रज कारकुनाने कानाला येईल तसे लिहिलेले. ते गाव आमच्या मूळ गावापासून दोन कोसांवर. आम्ही हर्षाने तसे म्हणालो. गुरुजी हसले व म्हणाले, “मग तो गाव सोडून का आला, हे तुमच्या घरी कोणास ठाऊक असेल. आमच्याकडे एवढेच सांगत की, खोताचे देणे होते.” आमच्या त्या पट्टीत खोत कोण होते, आणि त्यांच्या घरची भिक्षुकी कोणाकडे होती, ते आम्हांस चांगले ठाऊक होते. आम्ही विषय बदलला.

गुरुजींनी तो बदलू दिला, परंतु आपला सोडला नाही. ते म्हणाले, “हा कागद पाहिलात? यात माझ्या पणज्याचा बाप आहे. आता त्या बाईच्या पणज्याचा कागद शोधू गेलो तर तो येथे मिळणार नाही. तो मळ्याच्या मालमत्तेच्या यादीत मिळेल; कढया, खेचरे, आणि खाली माणसे. त्यात बाप नाही, गाव नाही. नाव मालकाने ठेविलेले. कोणाला महिन्याचे, कोणाला फुलाचे, कोणाला थट्टेचे. तेच पुढे आडनाव झाले.”

हे बोलणे अलंकारिक नव्हते. फ्रेंचांनी १७२३ साली या बेटांसाठी जे गुलामांचे फर्मान काढले त्यात गुलाम ही जंगम मालमत्ता होती. गुलामाला स्वतःची मालमत्ता करता येत नसे. जे मिळवील ते मालकाचे. आता सांगा, अशा मनुष्याने शिल्लक टाकावी ती कोठे? पिढ्यान्‌पिढ्या ज्याची शिल्लक कायद्यानेच दुसऱ्याची, त्याला शिल्लक टाकण्याचे वळण नाही म्हणणे म्हणजे हात बांधलेल्यास ताट पुढे ठेवून ‘याला भूक नाही’ म्हणण्यासारखे आहे. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी उठली. साठ हजारांहून अधिक माणसे मोकळी झाली म्हणतात. पण आणखी चार वर्षे त्यांस उमेदवार या नावाखाली त्याच मालकांकडे राबावे लागले. नुकसानभरपाई म्हणून ब्रिटिश सरकारने वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम दिली. कोणास? मालकांस. सुटलेल्यांस एक पौंडही नाही, जमिनीचा तुकडा नाही, बी नाही, अवजार नाही. १८३९ साली उमेदवारी संपताच त्यांतील बहुतेकांनी मळ्याकडे पाठ फिरविली. आळशी म्हणून त्यांची जी अपकीर्ती झाली ती तेथपासूनची. ज्या शेतात आईबापांस फटके बसले त्या शेतात पुन्हा मजुरीस न जाणे यास आळस म्हणावे की आणखी काही, ते वाचकांनीच ठरवावे.

हिंदी मजुराची स्थिती सुखाची होती असे मात्र मुळीच नव्हे. महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापावयाचा. १८६७ च्या कायद्याने परवान्यावाचून रस्त्यावर सापडल्यास तुरुंग. १८७१ साली दि प्लेव्हित्झ नावाच्या एका युरोपियनाने मजुरांच्या गाऱ्हाण्यांचा अर्ज तयार करविला, आणि त्यावरून राजकीय कमिशन नेमले गेले, इतकी दुर्दशा झाली होती. दगडांचे ते काळे ढीग यांच्याच हातांनी, आणि त्यांच्या आधी गुलामांच्या हातांनी, रचले गेले. तरीही गुलाम आणि करारबंद मजूर यांत एक अंतर होते, आणि ते अंतर पैशाचे नव्हते. मजुराचा करार संपत असे. त्याचे नाव त्याच्याजवळ राहिले. बायको त्याची बायको होती. मूल विकून दुसऱ्या मळ्यावर पाठविता येत नव्हते. संध्याकाळी चार जण जमून ‘बैठका’ भरवीत, तेथे रामायण वाचले जाई आणि पोरांस अक्षरे शिकविली जात. आणि जो पैसा शिल्लक पडे तो कायद्याने त्याचा असे.

त्याच वेळी काळाचा फासा त्यास अनुकूल पडला. १८७० नंतर बीटच्या साखरेने उसाच्या साखरेचा भाव पाडला, मलेरियाने माणसे मेली, मळेवाले कर्जात बुडाले. तेव्हा त्यांनी मळ्यांच्या कडेच्या हलक्या जमिनी तुकडे करून विकावयास काढल्या. घेणारे तेच जुने मजूर. बहुधा मुकादम आणि त्यांचे सोयरे पुढे, बाकीचे मागून. पैसे वर्षावर्षाच्या हप्त्यांनी. यात मळेवाल्याचे नुकसान काहीच नव्हते. जमिनीची कटकट गेली, किंमत आली, आणि ऊस शेवटी त्याच्याच चरकाकडे येणार होता. गुरुजींच्या पणजीने गाय पाळून दूध विकले व दोन आर्पां, म्हणजे जवळजवळ दोन एकर, जमीन घेतली. ही गोष्ट गुरुजींनी अभिमानाने सांगितली, आणि तसा अभिमान त्यांस शोभतो. पणजीची काटकसर खोटी नव्हे. पण विकावयास काढलेली जमीन, हप्त्याने घेण्याची सोय, जामीन राहणारा मुकादम आणि गाय बांधावयास अंगण, एवढ्या गोष्टी त्या काटकसरीच्या शेजारी उभ्या होत्या. पुढे १९०९ सालच्या कमिशनच्या शिफारशीवरून १९१३ साली सहकारी पतपेढ्या निघाल्या. त्यांचा लाभ कोणास? ज्यांच्याजवळ आधीच जमिनीचा तुकडा होता त्यांस. क्रिओल तोवर समुद्रकाठी आणि गोदीवर गेला होता; मासळी तारण ठेवून कोणी कर्ज देत नाही.

जमिनीमागून मत आले. १९४८ साली कोणत्याही एका भाषेत लिहिता-वाचता येणाऱ्यास मताचा हक्क मिळाला. बिसुनदयाळ बंधूंच्या चळवळीतील माणसे गावोगाव हिंडून मजुरांस सही करावयास शिकवीत होती. त्या बैठका अशा कामी आल्या. मताबरोबर सत्ता, सत्तेबरोबर सरकारी नोकऱ्या. स्वातंत्र्याआधी १९६७ साली जी निवडणूक झाली तीत सुमारे चव्वेचाळीस टक्के मते स्वातंत्र्य नको म्हणणाऱ्या बाजूस पडली. त्यांत क्रिओल पुष्कळ होते. हिंदूंच्या राज्यात आपले काय होणार, हे भय. १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्य आले, आणि ज्यांस परवडले अशी शिकलेली क्रिओल घराणी ऑस्ट्रेलियास निघून गेली. उरलेल्यांचे कैवारी त्यामुळे आणखी कमी झाले. १९८० साली बंदरात साखर यंत्राने भरण्याची सोय झाली आणि गोत्यांचे ओझे वाहणाऱ्या हमालांची पोटे गेली. १९९३ साली एका क्रिओल धर्मोपदेशकाने या सर्व दुःखास ‘क्रिओल अस्वास्थ्य’ असे नाव दिले. १९९९ च्या फेब्रुवारीत काया नावाचा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला, तेव्हा बेटभर तीन-चार दिवस जाळपोळ झाली. ती आग कोठून आली याचे नवल तेथील सुखवस्तू मंडळींस फार वाटले म्हणतात.

आणि या दोघांच्या तुलनेत तिसरा कोणाच्या लक्षात येत नाही! शेकडा दोन भरेल एवढा तो फ्रेंच वंशाचा वर्ग, बेटावरील मोठाले मळे, चरक, आणि आता समुद्रकाठचे बंगले ज्याच्या हाती आहेत. तळमजल्यावरची दोन बिऱ्हाडे नळावरून भांडतात तेव्हा माडीवरच्या मालकाचे नाव कोण काढतो? सरकारी दप्तरात तर गोरा मळेवाला आणि क्रिओल हमाल एकाच सदरात, ‘सामान्य लोकसंख्या’ या नावाखाली. १९७२ नंतर खानेसुमारीत समाजाची नोंद करणेच बंद झाले. हेतू चांगला असेल, पण त्यामुळे कोण कोठे मागे राहिला हे आकड्यांनी दाखविण्याची वाट बुजली.

मोक्याहून परतताना बसमध्ये गुरुजींनी जे सांगितले ते आम्हांस सर्वांत जड गेले. शाळांतून हिंदी, तामीळ, तेलुगू, मराठी, उर्दू अशा पूर्वजांच्या भाषा शिकविण्याची सोय फार दिवसांची. मग ज्यांच्या पूर्वजांची भाषा गलबतातच बुडाली त्यांचे काय? “माझा तास सुरू झाला की,” गुरुजी म्हणाले, “माझी मुले पुढच्या बाकांवर येत आणि क्रिओल मुले अंगणात जात. त्यांस त्या तासाला काही नसे. तीस वर्षे मी खिडकीतून त्यांस पाहिले. ती गोट्या खेळत, दंगा करीत. मी बाहेर जाऊन त्यांस गप्प करी, कारण माझ्या मुलांस श्लोक ऐकू येत नसे. या बाईचा भाऊ त्यांत होता.” या भाषांचे गुण परीक्षेच्या क्रमवारीत धरावे की नाही, यावरून १९९५ साली तेथील सरकार अडचणीत आले आणि पुढच्या निवडणुकीत त्याचे पानिपत झाले. क्रिओल भाषेस प्राथमिक शाळेत जागा मिळाली ती २०१२ साली. “माझी मराठी टिकली याचा मला आनंद आहे, भाऊसाहेब. पण ती टिकविताना अंगणात कोण उभा होता, तेही मला विसरता येत नाही.”

चौथ्या दिवशी बाई आली. काम नेहमीसारखे, बोलणे बंद. आमच्या सौभाग्यवतींस तिची भाषा येत नाही आणि तिला यांची नाही. परंतु दोन गृहिणींस एवढ्याने अडत नाही. सूनबाईस दुभाषी करून त्यांनी तिला चहा दिला व आमच्या वतीने क्षमा मागितली. आम्ही बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलो होतो. ते उलटे नव्हते, एवढेच. बाई म्हणाली, “साहेब खरे बोलले. माझ्यापाशी पैसा टिकत नाही.” आणि मग तिने तो कसा टिकत नाही ते सांगितले. चाळीस वर्षे घरचा जमाखर्च लिहिणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींनी तो सवयीने वहीच्या मागल्या पानावर टिपून घेतला. घराचे भाडे; म्हाताऱ्या आईस मधुमेह, तिचे पथ्यपाणी; सुटून आलेल्या मुलीचे दोन वेळचे; गावातील वाण्याकडील मागील बाकी; आणि नातवाच्या खासगी शिकवण्या. शाळा तेथे फुकट आहे, माध्यमिक शिक्षणही १९७७ पासून फुकट. पण शिकवणीवाचून मूल परीक्षेत वर येत नाही, हे सर्वांस ठाऊक, आणि शिकवणी फुकट नाही. नाचगाण्याच्या सदरात वर्षातून एक रक्कम होती, नाताळची. आमच्या दिवाळीच्या फराळापेक्षा ती कमी होती.

रात्री सौभाग्यवतींनी वही आमच्यापुढे ठेविली. “या हिशेबात शिल्लक काढून दाखवा,” इतकेच म्हणाल्या. आम्ही पुष्कळ वेळ पाहिले. त्यातून एक रुपयाही निघेना.

बाईची क्षमा आम्ही स्वतः मागितली ती पुढे पंधरा दिवसांनी, मोडक्या फ्रेंचमध्ये, चार वाक्ये पाठ करून. तिने ऐकून घेतले आणि आमचा एक उच्चार सुधारला. त्याहून अधिक काही झाले नाही. अधिक व्हावे अशी अपेक्षा करण्याचा अधिकारही आम्हांस नव्हता. निघताना तिने सौभाग्यवतींस मिरच्यांच्या ठेच्याची बरणी दिली. सौभाग्यवतींनी तिच्या नातवास रंगाची पेटी दिली. गुरुजींनी सांगितले की, २००९ साली नेमलेल्या सत्य व न्याय आयोगाकडे बाईच्या मामाने समुद्रकाठच्या एका गेलेल्या जमिनीचा दावा मांडला होता. आयोगाचे प्रतिवृत्त २०११ साली आले. दावा अद्याप तसाच आहे.

आता ते मत आम्हांस इतके का आवडले होते, ते सांगावयाचे राहिले. आमच्या घराण्यात एक गोष्ट पिढीजात चालत आली आहे. आमचे आजोबा १९०१ साली, बारा वर्षांचे असताना, रत्नागिरीकडून पायी पुण्यास आले. जवळ एक पितळी तांब्या आणि पंचा. सात घरी वार लावून जेवले, दिव्याखाली अभ्यास केला, वकील झाले, वाडा बांधला. ‘काही नव्हते, फक्त वळण होते’, हे गोष्टीचे शेवटचे वाक्य. दर वर्षी पौषात त्यांच्या श्राद्धाच्या दिवशी ती सांगितली जाते, आणि मुलांनी डोळे पुसावयाचे असतात.

यंदाच्या पौषातही धाकट्या बंधूंनी ती सुरू केली. तांब्या झाला, पंचा झाला, सात घरे आली. तेव्हा आम्ही उठून माळ्यावरच्या पेटीतून आजोबांची वही काढली. वारांची यादी तीत आहे हे आम्हांस लहानपणापासून ठाऊक होते. ती कधी कोणी वाचली नव्हती. वही मोडीत असल्याने वाचण्याचे काम आमच्याकडेच आले. सोमवारपासून एकेक आडनाव आम्ही मोठ्याने वाचले. बंधू गप्प बसून ऐकत होते. रविवारचे घर झाल्यावर आमच्या दहा वर्षांच्या नातीने विचारले, “आजोबा, ही सगळी आपल्यातलीच घरे. दुसऱ्या कोणाचा मुलगा आला असता तर त्याला वार मिळाले असते?”

“नसते मिळाले,” आम्ही म्हणालो.

“मग तो काय जेवला असता?”

वहीत त्याचे उत्तर नव्हते. यादीखाली आजोबांनी बारीक अक्षरात एवढेच लिहिले आहे की, गुरुवारच्या घरी ताक मिळत नाही.